सनरूफ गळतंय: सिलिकॉन मारून कायमचं बंद करावं का?

पोवई नाका: सेकंडहँड गाडी. पाऊस लागल्यापासून ड्रायव्हरच्या पायाखाली ओल आणि आरशाजवळ छताच्या कापडावर तपकिरी डाग. मिस्त्री म्हणतो, काचेच्या कडेनं सिलिकॉन मारू, विषय संपला. माझंही मत तेच. साताऱ्यात सनरूफ उघडायचं कधी? उन्हाळ्यात उघडवत नाही, पावसाळ्यात उघडता येत नाही, आणि कासला गेलं की पोरं त्यातून डोकी बाहेर काढतात. आक्षेप असेल तर कारणासकट सांगा.

यवतेश्वर घाट: आक्षेप आहे. काचेच्या कडेचं रबर सगळं पाणी अडवतच नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. काचेखालच्या चौकटीला पन्हळ असते. झिरपलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि कोपऱ्यांतल्या भोकांतून बारीक नळ्यांत जातं. पुढच्या नळ्या समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून, मागच्या मागच्या खांबांतून खाली येतात. पाणी दाराच्या बिजागरीपाशी नाहीतर चाकाच्या वरच्या बाजूला बाहेर पडतं. गाडीगणिक जागा वेगळी. नळी तुंबली की पन्हळ भरून वाहते आणि कापड भिजतं. पन्हळ तुंबली म्हणून कौलं बदलणार का?

आधी सनरूफ उघडा, एकेका कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. खाली धार आली तर नळी मोकळी आहे.

हरभट रोड: कागदावर सगळं बरोबर. सांगलीत तुमच्यापेक्षा पाऊस बराच कमी, पण धूळ आणि कारखान्यांच्या हंगामातली काजळी विचारू नका. सकाळी टपावर बोट फिरवलं तर काळं होतं. ती पन्हळीत साठते आणि पहिल्या वळवाला तिचा चिखल होतो. दरवर्षी हे साफ कोण करत बसणार? माझ्या मेव्हण्यानं सिलिकॉन मारून घेतलं, टिपूस येत नाही.

यवतेश्वर घाट: आज येत नाही. गाडी खड्ड्यांतून जाते तेव्हा छत थोडं पिळतं, वर ऊन आहेच. सिलिकॉनला एक चीर पडली की पाणी पुन्हा पन्हळीत. नळ्या तुंबलेल्याच, आणि आता साफ करायला काचही उघडत नाही. मेव्हण्यांना सांगा, मॅट उचलून गालिच्याखालचा फोम दाबून बघा. वरून कोरडं दिसतं, खाली आठवडेच्या आठवडे ओल राहते. बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे कनेक्टर तिथंच असतात. ते गंजले की दिवे, काचा, सेंट्रल लॉक काहीही वेड्यासारखं वागायला लागतं, आणि तो खर्च सनरूफच्या नावावर कुणी लिहीत नाही.

खण आळी: दोघंही सनरूफलाच का धरून बसलाय? एसीच्या पाण्याचा पाइप तुंबला तरी पुढं पायाखाली पाणी येतं, बहुतेकदा डाव्या बाजूला. समोरची काच बदलली असेल तर तिच्या चिकटवणीतूनही येतं.

पोवई नाका: एसी बंद असतानाही येतं, काच मूळचीच आहे. गाडी चारभिंतीच्या टेकडीखालच्या उतारावर तोंड खाली करून लागते, वर चिंचेचं झाड.

खण आळी: मग पुढच्याच नळ्या. पाणी उताराकडंच जाणार, आणि चिंचेचा पाला भोकात बसायला अगदी मापाचा.

पोवई नाका: मग पंक्चरवाल्याकडून कंप्रेसरची हवा मारून घेतो.

मिरज जंक्शन: थांबा! जोराच्या हवेनं नळी वरच्या तोटीवरून निसटते, तीही कापडाच्या आत. मग अख्खं छताचं कापड उतरवावं लागतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या, टोक गोल करा आणि अलगद सरकवा. लोखंडी तार नको, नळीला भोक पडेल. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला रबरी झडप असते, चिखल तिथंच अडतो. ती बोटांनी चिमटून मोकळी करायची, दोरी आरपार ढकलायची नाही. आणि माझं भांडण विकणाऱ्यांशी आहे. शोरूममध्ये चांदणं दाखवतात, पन्हळीबद्दल चकार शब्द नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या जिल्ह्यात गाडी विकताना तरी सांगा की राव.

हरभट रोड: माझं मत बदललेलं नाही. ज्याची गाडी महिन्यातून एकदा निघते आणि ज्याला टपापर्यंत हात पुरवायचाही कंटाळा, त्यानं बंदच करावं. फक्त आधी नळ्या मोकळ्या करून, मग सिलिकॉन.

यवतेश्वर घाट: नळ्या मोकळ्या झाल्यावर सिलिकॉन कशाला?

हरभट रोड: मनाच्या समाधानाला.

पोवई नाका: कप ओतून बघितला. मागून दोन्हीकडं धार, पुढं डावीकडं बारीक, उजवीकडं काहीच नाही. मिस्त्रीला थांबायला सांगितलंय, दोरी शेतावरून आणतो. तरी गळलं तर मात्र सिलिकॉनच.

हरभट रोड: मेव्हण्याच्या मिस्त्रीला सांगून ठेवू का?