कासला निघण्यापूर्वी कॅमेऱ्याची तयारी

प्रश्न: सप्टेंबरअखेर आम्ही सहकुटुंब साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाणार आहोत. माझा डीएसएलआर कॅमेरा जूनपासून कपाटात पडून आहे. निघण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: सर्वप्रथम लेन्स काढून तिच्यातून विजेरीच्या उजेडात आरपार पाहा. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्सला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती आतल्या काचेवर असल्यास घरी पुसण्याच्या फंदात न पडता लेन्स दुरुस्तीला द्यावी. त्यानंतर अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र) एफ/१६, म्हणजे बरेच लहान, ठेवून, फोकस मुद्दाम चुकवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्या, म्हणजे सेन्सरवरची (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागावरची) धूळ काळपट ठिपक्यांच्या रूपाने दिसेल. हे सारे निदान आठवडाभर आधी करा. आदल्या रात्री कळून उपयोग नाही.

प्रतिसाद २: जुनी छायाचित्रे संगणकावर उतरवून घेतल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि आठवणीने परत कॅमेऱ्यात बसवा. (मी एकदा ती चार्जरमध्येच विसरून गेलो होतो, आणि दिवसभर कॅमेरा नुसताच गळ्यात वागवला.)

प्रतिसाद ३: तिथली ‘सीतेची आसवे’ ही फुले अगदी इवलीशी असतात, त्यामुळे मॅक्रो लेन्स (लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी) असल्यास तीच न्यावी. धुके आणि भुरभुर गृहीत धरून सुती रुमाल, प्लास्टिकची पिशवी व ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत असू द्या.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. लेन्सच्या कडेला बुरशी दिसलीच. उद्याच दुरुस्तीला देतो.