क्रूझचं बुकिंग एजंटकडून केलंय, पण 'टॅक्स आणि फी'चा आकडा काही केल्या कळत नाहीये

निळाई:

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. मी, नवरा आणि दोन मुलं असे चौघं सात रात्रींच्या क्रूझला जायचं म्हणतोय, पहिलीच वेळ आहे त्यामुळे वेबसाइटवर स्वतः खटपट करण्यापेक्षा ओळखीतून कळलेल्या एका एजंटांकडे गेलो. जाहिरातीत 'तिसरा आणि चौथा प्रवासी फ्री' असं मोठ्या अक्षरात होतं आणि फोनवर त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून आम्ही लगेच हो म्हटलं, डिपॉझिट पण भरलं. काल त्यांचं कोटेशन मेलवर आलं तर एकूण रक्कम फोनवरच्या आकड्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशने जास्त!

कागदावर तीनच ओळी आहेत. क्रूझ भाडं, त्याखाली 'पोर्ट टॅक्स अँड हँडलिंग', आणि मग टोटल. मधली ओळ चौघांची लावलीये, म्हणजे फ्री असलेल्या मुलांची सुद्धा. विचारलं तर म्हणाले मॅडम हे सगळं सरकारी असतं, आमच्या हातात काही नाही. माणूस बोलायला चांगला आहे, मला उगाच संशय घ्यायचा नाहीये, पण 'हँडलिंग' सरकारी कसं असेल हे काही पटेना. दोन वर्षं थोडे थोडे करून बाजूला टाकलेले पैसे आहेत म्हणून जीव अडकलाय. फायनल पेमेंटला अजून अवधी आहे. नक्की काय विचारू त्यांना?

जुना_काउंटर:

निळाईताई, आधी एक गोष्ट, मुलांचा टॅक्स लावलाय ते बरोबर आहे. 'फ्री' म्हणजे फक्त भाडं फ्री. बंदराचे आणि सरकारचे पैसे माणशी लागतात, जहाजावर जितकी डोकी तितके. याच्या उलट उदाहरण सांगतो म्हणजे लक्षात येईल, एकटा माणूस केबिन घेतो तेव्हा बऱ्याचदा त्याला भाडं दोघांचं पडतं पण टॅक्स एकाचाच लागतो, कारण उतरणारा माणूस एकच. तेव्हा त्या बाबतीत एजंटांनी काही वावगं केलेलं नाही, फक्त पहिल्या फोनवरच सांगायला हवं होतं.

आता 'हँडलिंग'. मी बरीच वर्षं ट्रॅव्हलच्या काउंटरवर बसून हेच बुकिंग केलंय त्यामुळे आतलं सांगतो. कंपनीच्या स्वतःच्या कागदावर जी ओळ असते तिचं नाव साधारण 'टॅक्सेस, फीज अँड पोर्ट एक्सपेन्सेस' असं असतं. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक म्हणजे खरे सरकारी कर, इमिग्रेशन-कस्टम्सची फी, माणशी लागणारा प्रवासी कर वगैरे. दुसरी म्हणजे जहाज बंदरात आणायचा खर्च, धक्क्याचं भाडं, पायलटचे पैसे (हा पायलट म्हणजे त्या बंदरातलं पाणी ओळखणारा माणूस, तो बोटीने येऊन जहाजावर चढतो आणि कप्तानाला आत यायला मदत करतो), टगबोटी (मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी), टर्मिनलची सिक्युरिटी. हे जहाजाच्या आकारावर आणि बंदरावर ठरतं आणि मग प्रवाशांमध्ये वाटलं जातं. म्हणजे ओळीतलं सगळंच सरकारी नसतं, पण सगळं कंपनीकडून येतं. कंपनीच्या कागदावरच्या या ओळीत एजंटचा स्वतःचा एक पैसाही नसतो आणि त्यावर त्याला कमिशनही मिळत नाही.

मेख इथेच आहे ताई. एजंटला कंपनी कमिशन देते ते साधारण 10 ते 16 टक्के, पण तेही पूर्ण भाड्यावर नाही. भाड्यातला एक भाग कंपनीने बाजूला काढलेला असतो, त्याला आमच्यात एनसीएफ म्हणतात, नॉन-कमिशनेबल फेअर. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, त्याच्यासाठी ते भाडंच. समजा भाडं 1000 आहे आणि त्यात एनसीएफ 200, तर कमिशन 800 वरच. टॅक्सवर शून्य. स्वस्तातली छोटी क्रूझ असेल तर एजंटच्या हातात फारच थोडं पडतं, तासन्‌तास फोनवर बोलून, बदल करून देऊन. म्हणून बरेच एजंट स्वतःची सर्व्हिस फी लावतात. ती लावायला माझी अजिबात हरकत नाही, मेहनतीचे पैसे आहेत. पण ती वेगळ्या ओळीत, स्वतःच्या नावाने लिहायला हवी. टॅक्सच्या ओळीत मिसळली की गिऱ्हाइकाला वाटतं सरकारनेच घेतले आणि मग तो विचारतच नाही. ते चूक आहे, स्पष्ट सांगतो.

तुम्ही एवढंच करा. कंपनीच्या वेबसाइटवर जा, तेच जहाज, तीच तारीख, चार जण टाका आणि पैसे भरायच्या आधीच्या पानापर्यंत पुढे जात राहा. तिथे टॅक्स-फीची ओळ दिसेल. भाडं रोज बदलतं, केबिनप्रमाणे बदलतं, पण एका फेरीसाठी ही ओळ सहसा माणशी तीच असते, आतली खोली असो की बाल्कनी. तुमच्या एजंटचा आकडा आणि हा आकडा यात जो फरक, ते 'हँडलिंग'. शिवाय एजंटकडे कंपनीचं बुकिंग कन्फर्मेशन मागा, त्यांचं कोटेशन नाही, कंपनीच्या सिस्टीममधून निघालेली पीडीएफ, त्यावर बुकिंग नंबर असतो. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ म्हणा की मला यातलं तुमचं किती आणि कंपनीचं किती ते हवंय.

खिडकीची_सीट:

जुना_काउंटर यांनी छान समजावलंय. मी थोडी भर घालते कारण 'सात रात्रींना इतका टॅक्स कसा' हे पण विचारलं जातं नेहमी. तो रात्रींवर नसतोच फारसा, जहाज कुठे कुठे थांबतं त्यावर असतो. ग्रीसने जुलै 2025 पासून क्रूझ प्रवाशांवर उतरण्याची फी लावली, गर्दीच्या महिन्यांत सँटोरिनी किंवा मायकोनोसला 20 युरो, बाकीच्या बंदरांना 5. एकाच फेरीत ही दोन्ही बेटं आली तर माणशी 40 झाले, चौघांचे 160, आणि अजून इतर बंदरं राहिलीच. मेक्सिकोने त्याच महिन्यापासून माणशी 5 डॉलर सुरू केले, आधी तर 42 डॉलरचा बेत होता. अलास्का राज्याचा वेगळा 34.50 डॉलर आहे, जुनोसारखी बंदरं त्यांचं स्वतःचं वेगळं घेतात. उलट अमेरिकेचा जो केंद्रीय प्रवासी कर आहे तो फक्त 3 डॉलर. त्यामुळे दोन सात-रात्री क्रूझचे टॅक्स शेजारी ठेवून एक एजंट लुटतोय असं म्हणता येत नाही.

आणि ही मिसळामिसळ फक्त एजंटच करतात असं नाही हं. नव्वदच्या दशकात मोठमोठ्या कंपन्याच 'पोर्ट चार्जेस' म्हणून जे घेत होत्या त्यातलं सगळं बंदरांना जातच नव्हतं, शेवटी 1997 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या अ‍ॅटर्नी जनरलने (राज्याचा मुख्य सरकारी वकील) बऱ्याच कंपन्यांशी समझोता केला की सरकारला खरोखर जाणारे पैसे सोडले तर बाकी सगळं जाहिरातीच्या भाड्यातच धरायचं. मग 1 जुलै 2024 ला कॅलिफोर्नियात दाखवलेल्या किमतीत सरकारी कर-फी सोडून सक्तीचे बाकी सगळे चार्ज धरलेच पाहिजेत असा कायदा आला तेव्हा काही कंपन्यांनी टॅक्ससकट किंमत दाखवायला सुरुवात केली. पण सगळीकडे तसं नाही, म्हणून जाहिरातीतला आकडा आणि हातात पडलेला आकडा वेगळा असतो.

अजून एक, माझ्या अनुभवातलं. आमच्या फेरीत वारा इतका होता की एका बंदरात जहाज लागलंच नाही, लांबून बेट बघितलं आणि पुढे गेलो. सगळे हळहळत होते. दुसऱ्या दिवशी केबिनमधल्या टीव्हीवर बिल बघितलं तर त्या बंदराचे टॅक्सचे पैसे आमच्या खात्यात जमा झालेले, माणशी थोडेच होते पण न मागता आले होते. एजंटने जर टॅक्समध्ये स्वतःची फी मिसळली असेल तर तो भाग असा कधीच परत येणार नाही. आणि पुढेमागे कॅन्सल करायची वेळ आली (येऊ नये) तर भाडं बुडालं तरी बहुतेक कंपन्या टॅक्स-फी परत देतात, आपण गेलोच नाही तर बंदराला पैसे जात नाहीत ना. म्हणून ती ओळ शुद्ध असणं फार महत्त्वाचं आहे.

निळाई:

दोघांचे मनापासून आभार, काल रात्री नवऱ्याला बाजूला बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. वेबसाइटवर शेवटच्या पानापर्यंत गेलो. तिथला टॅक्सचा आकडा आमच्या कागदावरच्यापेक्षा बराच कमी आहे, आमची ओळ त्याच्या साधारण सव्वापट आहे. आता त्यांना मेल लिहिणार आहे. मध्येच अजून एक शंका, त्यात टिप्स आल्या का? आणि तेल महागलं तर नंतर अजून मागतील असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का?

डेक_सात:

टिप्स त्या ओळीत नसतात. बऱ्याच कंपन्या माणशी रोजची एक ठरलेली रक्कम लावतात, मुलांना सुद्धा, ती आधी भरली तर कन्फर्मेशनवर 'प्रीपेड ग्रॅच्युइटीज' अशी वेगळी ओळ दिसते, नाही भरली तर जहाजावर रोज खात्यात चढते. हे नीट बघा कारण आमच्या वहिनींनी एजंटला टिप्सचे पैसे दिले होते, कंपनीच्या कागदावर ती ओळच नव्हती आणि शेवटच्या सकाळी दाराखाली सरकवलेल्या बिलात सगळ्या दिवसांच्या टिप्स पुन्हा होत्या. परतल्यावर पैसे मिळवायला महिने गेले. ड्रिंक्स, स्पा यावर सर्व्हिस चार्ज तर अजून वेगळाच.

तेलाचं म्हणाल तर खरं आहे, बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये इंधन अधिभाराचं कलम असतं, कच्चं तेल अमुक भावाच्या वर गेलं तर माणशी रोज इतकं घेऊ, बुकिंग झालेलं असलं तरी. 2008 मध्ये तेल 100 डॉलरच्या वर गेलं तेव्हा बऱ्याच जणांनी घेतलंही होतं. एरवी सहसा लावत नाहीत. सरकारने कर वाढवला तर तोही नंतर मागू शकतात. पण दोन्ही वेळा मागणी कंपनीकडून लेखी येते. एजंट नुसता फोनवर म्हणाला की टॅक्स वाढला तर कंपनीचा कागद दाखवा म्हणायचं.

आणि फायनल पेमेंट कार्डने करणार असाल तर विचारून घ्या की स्टेटमेंटवर नाव कंपनीचं येणार की एजंटचं. कंपनीचं आलं तर पैसे थेट पोचले. एजंटचं येणार असेल तर आणि चलन वेगळं असेल तर कुठला दर लावलाय तेही लिहून घ्या, तिथेही मार्जिन असतं.

निळाई:

अपडेट द्यायला आले. मेल केला, तुम्ही सांगितलेल्याच शब्दांत, यातलं तुमचं किती आणि कंपनीचं किती. दोन दिवस उत्तर नाही, माझ्या पोटात गोळा. आज सकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले मॅडम वरची रक्कम आमची सर्व्हिस फी आहे, ऑफिसचा जुना फॉरमॅट आहे त्यात ती ओळ एकत्र येते. मी म्हटलं फी द्यायला ना नाही पण ती मुलांच्या डोक्यावर पण का? मुलांचं तर वेगळं काही काम नाही, केबिन एक, बुकिंग नंबर एक. जरा वेळ गप्प राहिले आणि मग फी एका बुकिंगला एकदाच करून दिली.

दुपारी नवीन कागद आला, आता पाच ओळी आहेत. टॅक्सची ओळ वेबसाइटशी जुळते, शेवटच्या आकड्यापर्यंत. टिप्स प्रीपेड आहेत आणि कंपनीच्या पीडीएफवरही दिसतायत. पेमेंट शुक्रवारी करतोय, थेट कंपनीच्या नावावर. जुना_काउंटर, खिडकीची_सीट, डेक_सात, तुमचे उपकार विसरणार नाही. मोठ्या मुलीने पीडीएफमधला केबिन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.