मदत हवी आहे: मे महिन्यात गुजरातमधल्या 'तिथल' गावच्या समुद्रावर, सोबत आई आणि लहान मुलं

नमस्कार मंडळी. आम्ही नंदुरबारचे. सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचाय. भुसावळ-सुरत लाइनमुळे कोकणापेक्षा वलसाडजवळचं तिथल आम्हाला सोयीचं पडतं. सोबत चार वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा भाचा आणि 68 वर्षांची आई. आईच्या बीपीच्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी आहे.

घरचे म्हणतात, "आपण खान्देशी, आपल्याला काय ऊन लागणार?" मला नेमकी तीच भीती वाटते. आपल्याकडे पारा 44 वर गेला तरी हवा कोरडी. घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, अंगातली उष्णता निघत नाही. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानात किमान 40 अंश धरतं, किनाऱ्यावर 37. घरच्यांना हे पटत नाहीये.

कोणत्या वेळी जावं? आईला ओआरएस चालेल का? तिथे कुणाला ऊन लागलं तर लगेच काय करायचं?

---

ताई, मी मूळची शहाद्याची, आता सुरतला असते. तुमची भीती रास्त आहे.

सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच जा, आणि त्याआधी भरती-ओहोटीची वेळ नक्की बघा. खंबातच्या आखाताजवळ पाण्याची चढउतार मोठी असते. ओहोटीला पाणी लांब जातं, पोरं त्याच्या मागे जातात, आणि भरती सुरू झाली की परतायला वेळ कमी पडतो. तिथली वाळू काळसर आहे, उन्हात चांगलीच तापते. चपला पाण्याच्या कडेपर्यंत पायात असू द्या.

भिजलेल्या मुलांना तहान कळत नाही, त्यामुळे "पाणी हवं का?" असं विचारत बसू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाजत राहा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डोक्याला ओला रुमाल. खिशातल्या कांद्यावर भरवसा नको.

आईंच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. ओआरएसमध्ये मीठ असतं, म्हणून त्यांना किती द्यायचं तेही तेव्हाच विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, अंग भाजतंय असं वाटलं, तर उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं मुळीच नसतं. लगेच 108 ला फोन करा, गुजरातमध्येही तोच नंबर आहे. गाडी येईपर्यंत थांबू नका: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

---

खूप आभार ताई. ओहोटीचं तर डोक्यातच नव्हतं. तुमचं उत्तर घरच्या ग्रुपवर टाकतेय, आणि आईला घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जाते.