मदत हवी आहे : कंपनीतर्फे चार आठवडे केनियात विनामोबदला काम करायचं आहे, कसं जावं?

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबला आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून सगळं लिहिते.

मी नाशिकची. अंबड एमआयडीसीतल्या एका परदेशी कंपनीत अकरा वर्षं पुरवठा नियोजनाचं काम करते. गोदामात कुठला माल किती आहे, कुठला संपत आला, कुठला पडून खराब होईल, हे बघायचं. आमच्याकडे दरवर्षी निरनिराळ्या देशांच्या ऑफिसांतून थोडी माणसं निवडून चार आठवडे तिसऱ्याच देशात पाठवतात. तिथल्या एखाद्या संस्थेला हवं ते काम फुकट करून द्यायचं. पगार इथला चालू राहतो, प्रवास आणि राहणं कंपनीकडे. असे उपक्रम नवीन नाहीत. फायझरने २००३ मध्ये सुरू केला, आयबीएमने २००८ मध्ये, जीएसकेने २००९ मध्ये, सॅपने २०१२ मध्ये. कुणी चार आठवडे पाठवतं, कुणी तीन ते सहा महिने.

यंदा माझं नाव लागलं आहे. ठिकाण केनियातलं मेरू, माउंट केनियाच्या ईशान्य उतारावर. तिथे फरसबी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, सभासद बहुतेक बायका. शेंग युरोपला जाते. शेतातून पॅकहाऊसला (जिथे माल निवडून पेट्यांत भरतात) आणि तिथून गाडीत चढेपर्यंत बराच माल बाद होतो. तो नेमका कुठे आणि का बाद होतो, याची नोंद ठेवायची पद्धत आम्ही पाच जणांनी बसवून द्यायची आहे. होकार कळवायला बारा दिवस उरले आहेत.

घरची अडचण नाही. मुलगा सहा वर्षांचा आहे, पण सासूबाईंनी ऐकता क्षणी सांगितलं, "तू जा, त्याचं मी बघते." नवऱ्याने तर शाळेच्या रिक्षावाल्या काकांशी बोलूनही टाकलं.

मला अडवतं आहे ते माझं माहेर.

माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षाचं. २०१० साली क्लोरमेक्वॅटचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सीसीसी म्हणतात त्या औषधाचे, अंश सापडल्यामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते इथल्या अनेकांना आठवत असेल. त्यानंतरच्या हंगामात आमच्या गावच्या सोसायटीच्या पॅकहाऊसवर परदेशातून चार सल्लागार आले. असेच, कंपनीने पाठवलेले, फुकट काम करणारे. माणसं चांगली होती. उन्हातान्हात बागेत फिरली, आमच्याकडे पिठलं-भाकरी जेवली.

आई तेव्हा पॅकहाऊसवर क्रेट उतरवून घ्यायची. दाराशेजारच्या भिंतीवर ती खडूने रेघा मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. प्रत्येक बागाईतदाराची ओळ वेगळी. एखाद्या क्रेटमध्ये मणीगळ जास्त असली तर त्या रेघेच्या डोक्यावर टिंब, घड ओले आले असतील तर रेघेखाली छोटी वेलांटी. संध्याकाळी भिंतीकडे बघून ती सांगायची, "अमक्याच्या बागेत पहाटेची तोडणी घाईत होते, दव सुकू देत नाहीत." आणि ते खरं निघायचं.

पाहुण्यांनी त्या भिंतीचा फोटो काढला आणि चौदा रकान्यांचा एक्सेलचा तक्ता बनवून दिला. सगळा इंग्रजीत. ते होते तोवर सोसायटीच्या कारकुनाने तो भरला. ते गेल्यावर दोन दिवस आईने समोर बसून त्याच्याकडून भरून घेतला. तिसऱ्या दिवशी भारनियमनाची वेळ बदलली, माल दुपारी यायचा आणि दुपारीच लाईट नसायची. तोवर भिंतीला चुना लागला होता, कारण रिपोर्टात "आधी" असं लिहून भिंतीचा फोटो होता आणि "नंतर" म्हणून संगणकाचा. आई वहीत रेघा मारायला लागली, पण वही बंद असते. भिंत येता-जाता सगळ्यांना दिसायची. बागाईतदार स्वतःच्या ओळीवरची टिंबं बघून दुसऱ्या दिवशी सुधारायचे, ते थांबलं.

ती टिंबं कसली आहेत, हे त्या तीन आठवड्यांत आईला कुणीही विचारलं नव्हतं.

आता मी तीच पाहुणी होऊन जाते आहे. माझ्या लॅपटॉपवर तसलाच तक्ता तयार आहे, खोटं का बोलू. म्हणून विचारते. इथे कुणी असं जाऊन आलं आहे का? चार आठवड्यांत खरंच उपयोगाचं काही होतं का, की त्यांचाच वेळ जातो? कुणाच्या संस्थेत असे पाहुणे आले असतील तर तुमचा अनुभव मला जास्त हवा आहे. आणखी दोन गोष्टी. परत आल्यावर १८ महिन्यांत नोकरी सोडली तर खर्च भरून द्यावा लागेल असं करारात आहे, ते कितपत चालतं? आणि व्हिसा-लसीचं काय?

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, मी घानाला जाऊन आलोय, कुमासीला, चार आठवडे, एका रुग्णालयाच्या औषध भांडारासाठी. निघण्याआधी तीन महिने दर आठवड्याला फोनवर तयारी होती आणि तीच सगळ्यात उपयोगी पडली.

कागदावर आमचं काम होतं "साठ्यासाठी सॉफ्टवेअर सुचवणे". तिथे गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं की साठ्याचा घोळच नाहीये. भांडार सांभाळणाऱ्या सिस्टर एकच औषध दोन रजिस्टरांत लिहीत होत्या, कारण पैसे देणाऱ्या दोन संस्थांना दोन वेगळे नमुने हवे होते. त्यांचा रोजचा दीड-दोन तास त्यातच जायचा. आम्ही सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं आणि दोन्ही संस्थांना पटेल असा एकच नमुना मंजूर करून आणला. एका पानाचा. वर्षभराने विचारलं तेव्हा तो चालू होता.

आमच्या वरिष्ठांना हे फार छोटं वाटलं. त्यामुळे जायच्या आधीच साहेबांकडून लेखी घ्या की तिथे गेल्यावर काम बदललं तरी चालेल. आणि पहिला आठवडा लॅपटॉप उघडू नका. शेंग निवडायला बसा.

प्रतिसाद २ (नाशिक रोड)

मी सीए आहे, पैशाच्या बाजूचं सांगते. पुष्कळांना वाटतं हे सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, बसतं. बसत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले, त्यात भारताबाहेर केलेलं काम सीएसआर धरत नाहीत हे स्पष्ट आहे. अपवाद फक्त राज्याचं वा देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. ऑगस्ट २०२१ च्या सरकारी खुलाशात असंही आहे की कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ पैशात मोजून सीएसआर खर्चात दाखवता येत नाही.

म्हणजे तुमच्या कंपनीचा हा खर्च बहुधा प्रशिक्षणाच्या खात्यातून होतो. याचा अर्थ नीट समजून घ्या. कंपनीच्या लेखी तुम्ही तिथे शिकायला जाताय, नेतृत्व वगैरे. परत आल्यावर एचआर विचारेल तुम्ही काय शिकलात. संस्थेचं काय झालं हे विचारणारं कुणी नसेल, ते तुम्हालाच विचारत राहावं लागेल.

कराराबद्दल : करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते, लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. रक्कम आकड्यात लिहून घ्या आणि महिन्यागणिक कमी होत जाईल असं कलम मागा. सही करण्याआधी मागितलं तर सहसा देतात.

प्रतिसाद ३

लस : पीतज्वराची (यलो फीव्हर) घ्यावीच लागेल. केनियाहून परतताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. सरकारमान्य केंद्रावरच मिळते, आधी नंबर लावा. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की जन्मभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

प्रवेश : २०२४ पासून केनियाला ऑनलाइन ईटीए लागतो. पण ती प्रवेशाची परवानगी आहे, कामाची नाही. पगार भारतातच मिळतो म्हणजे चालेल, असं धरू नका. अशा कामाला वेगळा पास लागतो का, हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या.

प्रतिसाद ४ (पेठ)

आम्ही पेठ-सुरगाण्याकडे पाड्यांवर काम करतो. आमच्याकडे असे पाहुणे दोनदा आले. तुमच्या आईंचं वाचून गप्प बसवलं नाही म्हणून लिहितो.

पाहुणे फुकट येतात हे अर्धं खरं आहे. सहा आठवडे आमचे दोन सगळ्यात चांगले कार्यकर्ते त्यांच्यासोबत दुभाषे म्हणून होते. भात लावणीचे दिवस होते. त्या दोघांची गावं तेवढे दिवस उघडी पडली. हे आम्ही कुणाला बोललो नाही, कारण पाहुण्यांमागोमाग देणगी येईल अशी आशा होती. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही येणार त्या दिवसांत तिथे हंगाम कुठला आहे आणि तुमच्यासोबत कोण असणार. ती बाई तिचं कुठलं काम सोडून तुमच्यासोबत फिरणार आहे? तिची त्या दिवसांची मजुरी तुमच्या कंपनीने द्यावी, तिकिटाच्या मानाने ती काहीच नाही.

दुसऱ्या वेळी आलेल्यांपैकी एका बाईंनी वेगळं केलं. शेवटच्या आठवड्यात त्या कशालाही हात लावत नव्हत्या. आमची मुलगी काम करायची, त्या बाजूला बसून फक्त बघायच्या. ती जिथे अडली तिथला भाग त्यांनी सरळ काढून टाकला. सोळा पायऱ्यांच्या सहा उरल्या. त्या सहा अजून चालू आहेत.

प्रतिसाद ५

मला हे मुळातच पटत नाही. पाच जणांच्या तिकिटा-हॉटेलच्या पैशात तिथलाच शिकलेला माणूस कितीतरी महिने नेमता येईल. केनियात काय माणसं नाहीत? आपल्याकडे यूपीआय २०१६ ला आलं, त्यांच्याकडे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ पासून आहे. शेतकऱ्याचे पैसे फोनवर जमा होतात. आपण त्यांना काय शिकवणार?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन-तीन दिवस लिहिलं नाही, कारण तुमच्या प्रश्नांच्या मागे लागले होते.

प्रतिसाद ५ मधल्या दादांना आधी. तुमचं म्हणणं मी आमच्या कार्यक्रमाच्या प्रमुखांना जसंच्या तसं विचारलं. ते पैसे संस्थेला रोख देता येतील का? स्पष्ट उत्तर आलं नाही, मी नाही गेले तर दुसरं कुणी जाईल एवढंच. हे उत्तर मला आवडलं नाही. पण ती जागा मी सोडली तर जाणाऱ्याने भिंतीवरचा खडू पाहिलेला नसेल, हेही माझ्या मनातून जात नाही.

पेठच्या दादांचं वाचून दुसऱ्या दिवशीच मागणी केली की आधी संस्थेशी थेट बोलू द्या, मधल्या समन्वयकाशी नको. काल व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे आपल्याकडे साडेसहा, तिथे चार, माल यायची वेळ. पॅकहाऊस सांभाळणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी फोन फिरवून टेबल दाखवलं. शेंगेची जाडी बघायला पत्र्याची पट्टी, तिला दोन खाचा, एक्स्ट्रा फाइनची अरुंद आणि फाइनची थोडी रुंद. शेजारी शाळेची वही. वहीत प्रत्येक सभासदाचं पान, बाद मालाच्या पुढे तीन प्रकारच्या खुणा.

मी पहिला प्रश्न तोच विचारला, या खुणा कसल्या? वाकडी शेंग, मोडलेली शेंग, आणि तिसरी खूण "उशिरा आली" याची. तिसरीच सगळ्यात जास्त दिसत होती. मी म्हटलं, उशीर का होतो? त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, पण त्यासाठी गोळा करायची गाडी एक तास आधी निघायला हवी आणि गाडी निर्यातदाराची आहे. तो आमचं ऐकत नाही, आकडे दाखवा म्हणतो, आणि वहीतल्या खुणा त्याला आकडे वाटत नाहीत.

इतकं साधं होतं. नवी पद्धत नको आहे, त्यांच्या वहीची बेरीज निर्यातदारापुढे ठेवायची आहे. वह्या तीन वर्षांच्या आहेत. हिशेबाला स्वाहिलीत हेसाबू म्हणतात हेही कळलं. दोघी तेवढ्यावर हसलो.

आईलाही सांगितलं. तिने विचारलं, "त्या वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवतात का?" हे मी विचारलंच नव्हतं. पुढच्या बोलण्यात विचारीन.

होकार कळवला आहे. काम बदलायची मुभा आणि सोबतच्या बाईंची मजुरी दोन्ही लेखी मागितलं आहे. मुभा मिळाली, मजुरीचं उत्तर यायचंय. करारातली भरपाईची रक्कम दर महिन्याला उतरणार. लसीसाठी गुरुवारी पंचवटीने मुंबईला जाते आहे.

आता एकच मदत हवी. आपल्याकडे द्राक्षाच्या वा भाजीच्या निर्यातदाराशी गाडीची वेळ, बाद मालाची कपात यावर कुणी आकडे ठेवून वाटाघाट केली आहे का? कुठला आकडा दाखवल्यावर तो ऐकायला लागला? दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, कुठलेही असाल तरी लिहा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.