अनुभव धागा: वजन बरोबर, रिपोर्ट बिघडलेला

सुरुवात मीच करतो. डोंबिवलीचा, वय ४६, वजन ६४ किलो. ‘तुला कसली शुगर होतेय!’ असं सगळे म्हणायचे. ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२ आली, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २४०; दोन्ही जास्तच. डॉक्टरांनी वजन विचारलंच नाही, टेप काढून कंबर मोजली. ९५ सेंमी! आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० च्या पुढे धोका धरतात, हे मला तेव्हा कळलं. हातपाय काडीसारखे, पण चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये. तिच्यामुळे इन्सुलिनचा असर कमी होतो आणि हृदयालाही तीच नडते. पुण्याचे डायबिटीसचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे कितीतरी वर्षं सांगत आलेत.

घरी पोचायला साडेनऊ, दहाला जेवण, लगेच अंथरूण, असं वीस वर्षं चाललं. आता साडेसहाला ऑफिसातच दुसरा डबा खातो: भाकरी, उसळ, काकडी. घरी फक्त ताक. शेअर रिक्षा सोडली, स्टेशनवरून पंचवीस मिनिटं चालत येतो. सगळ्यात जड गेलं ते स्टेशनबाहेरचा वडापाव सोडणं. चार महिन्यांनी एचबीए१सी ५.८, कंबर ९१.

तुमच्या घरी काय झालं ते लिहा. आकडे आठवत असतील तर तेही.

गिरगाव, ३९
गरोदरपणात शुगर वाढली होती. बाळंतपणानंतर रिपोर्ट नॉर्मल आला आणि आम्ही सगळेच विसरलो. अशा बायकांनी पुढेही दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. अकरा वर्षांनी उपाशीपोटी १३८, पुन्हा केली तर १३५. आता गोळी चालू आहे. गुरुवारची साबुदाणा खिचडी सासूबाईंनीच बंद केली. म्हणाल्या, उपास देवाचा आहे, साबुदाण्याचा नाही.

लालबाग
बाबांना पंधरा वर्षं डायबिटीस. गणपतीत एका रात्री दरदरून घाम आणि दम. छातीत दुखत नव्हतं, म्हणून गॅस समजून आम्ही ओवा दिला. दोन तास घालवले. ईसीजीत अटॅक निघाला. जुन्या शुगरने नसा बधिर होतात, दुखणं जाणवतच नाही कधीकधी. बाबा आता बरे आहेत. ते दोन तास मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत.

दादर, ५८
कारल्याच्या रसावर भरवसा ठेवून गोळी सोडली. तीन महिन्यांत शुगर ३१०. कृपा करून कुणी असं करू नका.

गिरगाव, ३९
डोंबिवलीकर, सकाळी केलेली उसळ संध्याकाळपर्यंत टिकते का हो? यांनाही तसाच डबा द्यायचाय.

डोंबिवली, ४६
टिकते ताई. मटकी कोरडी परतायची आणि ओलं खोबरं घालायचं नाही.