पुरात बुडालेल्या वूफरचे पॅसिव्ह रेडिएटर : दोन खोक्यांचं ट्यूनिंग जुळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधी अडचण सांगतो. घरी दोन स्पीकर केले आहेत. प्रत्येकी २५ लिटरचं खोकं, पुढे साडेसहा इंची नवा वूफर (खालच्या सुरांचा) आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा), मागे जुन्या आठ इंची वूफरचा केलेला पॅसिव्ह रेडिएटर (वीज न जोडलेला, खोक्यातल्या हवेनेच हलून बेसला साथ देणारा कोन). दोन्ही रेडिएटरना सारखंच वजन लावलंय. डावं खोकं हिशेबाप्रमाणे ४० हर्ट्झला ट्यून झालं (म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला हवा आणि रेडिएटर मिळून सगळ्यात जास्त साथ देतात), उजवं मात्र ४७ वर अडून बसलंय. कानालाही कळतं. डग्ग्याचा घुमारा डावीकडे गोल येतो, उजवीकडे नुसता ठोका. वजन वाढवून उजवं खाली आणावं की दोष दुसरीकडे शोधावा?

आता थोडं मागचं. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजला पूर्ण पाण्यात होता आणि बाबांच्या स्टिरिओचे दोन्ही स्पीकर त्यात गेले. खोकी भुसा होऊन फुगली. वूफर मात्र पॉलीप्रॉपिलीनच्या कोनाचे, रबरी सरराउंडचे (कोनाभोवतीची लवचीक कड). कागदी कोन असते तर तेव्हाच लगदा झाला असता. हे कोन शाबूत राहिले, पण मॅग्नेटच्या फटीत गाळ गेला, गंज चढला आणि कोन हलवणारी तारेची कॉइल जाम झाली. बाबांनी ते टाकू दिले नाहीत. गेल्या वर्षी पॅसिव्ह रेडिएटरबद्दल वाचलं, तेव्हा लक्षात आलं की त्याला कॉइल लागतच नाही. लागतो तो सहज हलणारा कोन, चांगलं सस्पेन्शन (कोनाला जागेवर परत आणणारा लवचीक आधार) आणि मोजून लावलेलं वजन. इतर खोक्यांना बसवतात त्या पोर्टच्या नळीतली हवा जे काम करते तेच हा कोन करतो. नळीची फुसफुस नाही, आणि छोट्या खोक्यात लांबलचक नळी बसवायची कटकटही नाही.

नशिबाने त्याच मॉडेलचा तिसरा वूफर पोटमाळ्यावर होता, पाणी न लागलेला. सगळी मोजमापं त्याच्यावरच केली, कारण जाम कॉइलचं मोजता काय येणार. मोबाइलवर टोन जनरेटर, छोटा अँप, सिरीजमध्ये १००० ओमचा रेझिस्टर, आणि वूफरच्या टोकांवर एसी व्होल्ट बघायला मल्टीमीटर. व्होल्टेज सगळ्यात जास्त झालं ४२ हर्ट्झला, तोच त्याचा रेझोनन्स, म्हणजे कोन स्वतःहून सगळ्यात सहज हलतो ती फ्रिक्वेन्सी. मग कोनावर २० ग्रॅम वजन ठेवून पुन्हा.

इथे मी दोन दिवस घालवले, म्हणून मुद्दाम लिहितो. आधी रुपयाची नाणी चिकटवली होती. आकडे दर वेळी वेगळे. आपली स्टीलची नाणी मॅग्नेटला ओढली जातात. डस्ट कॅपवर (कोनाच्या मधल्या टोपीवर) ठेवली की खालचा मॅग्नेट त्यांना खेचतो, कोन आत बसतो आणि मोजमाप बिघडतं. लोखंडी वॉशरचंही तेच. शेवटी कणकेचा गोळा केला, शेजारच्या सोनाराकडे काट्यावर २० ग्रॅम भरून आणला आणि चिकटपट्टीने बसवला. रेझोनन्स ३० हर्ट्झवर आला, तीनदा मोजला तरी तोच.

त्यावरून हिशेब : ४२ भागिले ३० चा वर्ग १.९६, त्यातून १ वजा, २० ला ०.९६ ने भागलं, म्हणजे हलणारं वजन सुमारे २०.८ ग्रॅम. कोनाचं क्षेत्रफळ २१४ चौ. सेंमी धरून व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच लवचीक असणारी हवा किती लिटर, तो आकडा) साधारण ४४ लिटर. २५ लिटरच्या खोक्यात ४० हर्ट्झ हवे तर रेडिएटरचा स्वतःचा रेझोनन्स २४ च्या आसपास लागतो, त्याला एकूण ६३ ग्रॅम, म्हणजे ४२ ग्रॅम जादा.

रूपांतर असं केलं. डस्ट कॅप ब्लेडने अलगद उचलली आणि मध्ये उघड्या पडलेल्या पोलच्या (मॅग्नेटच्या मधल्या लोखंडी खुंटाच्या) वर, स्पायडरच्या (कोनाला मागून धरणाऱ्या वळ्यांच्या कापडी चकतीच्या) जोडाखाली, आतून फॉर्मर (कॉइल गुंडाळलेली नळी) गोल कापला. कॉइल फटीतच राहिली, कोन सुटला. मग फेराइट मॅग्नेट आणि वरची प्लेट यांच्या सांध्यावर छिन्नी ठेवून हलके ठोके दिले. गंजाने डिंक आधीच सुटला होता. (फेराइट काचेसारखा फुटतो. डोळ्यांना चष्मा लावाच, आणि कोन कापडाने झाका.) कापलेल्या कॉइलचे तुकडे ५ ग्रॅम भरले, तेवढं परत द्यायला हवं, म्हणून ४२ अधिक ५, एकूण ४७ ग्रॅम. फॉर्मरच्या तोंडाशी प्लायची चकती एपॉक्सीने बसवली, तिच्यातून बोल्ट, त्यावर वॉशर. डस्ट कॅप पुन्हा चिकटवली. ४७ मध्ये चकती, बोल्ट, एपॉक्सी सगळं धरलंय.

खोकं ट्यून कुठे झालं हे पुढच्या वूफरच्या इम्पीडन्सवरून (एसी करंटला होणाऱ्या विरोधावरून) बघतो. दोन शिखरं येतात, मधली दरी म्हणजे ट्यूनिंग. डाव्याची ४०, उजव्याची ४७.

हिशेब सांगतो की उजव्यावर आणखी २४ ग्रॅम टाकले तर तेही ४० ला येईल. टाकू का?

---

प्रतिसाद :

छान काम. आधी गळती तपासा. रेडिएटर बोटांनी सावकाश आत दाबून धरा, पुढचा वूफर बाहेर येईल. तो लगेच जागेवर परतला तर हवा कुठून तरी जातेय. डस्ट कॅपची कड आणि प्लायच्या चकतीचा सांधा बघा. पुष्कळ वूफरची डस्ट कॅप मुद्दाम हवा जाणारी, कापडी असते. रेडिएटरला ती चालत नाही.

---

मी :

तपासलं. दोन्हीकडे वूफर सावकाश परततो, चार-पाच सेकंद घेतो. कॅप प्लास्टिकची आहे. गळती नसावी.

---

प्रतिसाद :

माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, हजारो कोन बदललेत. २४ ग्रॅम टाकू नका. दरी ४० वर येईल हे खरं, पण दोन्ही खोकी सारखी होणार नाहीत.

कारण सांगतो. खोक्याच्या हवेची स्प्रिंग दोन्हीकडे एकच, वजन एकच, तरी उजवं वर गेलं, म्हणजे उजव्याचं सस्पेन्शन कडक आहे. ४० चे ४७ व्हायला ते जवळपास दुप्पट कडक असायला हवं. आता रेडिएटर ज्या फ्रिक्वेन्सीला एकटा रेझोनेट होतो तिथे त्याचा आवाज वूफरच्या आवाजाला खातो, तिथे खड्डा पडतो. तुमच्या डाव्याचा खड्डा २४ ला आहे. उजव्याचं वजन एकूण ८७ ग्रॅम केलंत की त्याचा २९ वर येईल. बेस तेवढा लवकर तुटेल आणि दोन्ही बाजूंचा फरक जाणार नाही.

मीटर बाजूला ठेवा. दोन्ही रेडिएटर खोक्यातून काढून आडवे ठेवा, मध्यावर साखरेची अर्धा किलोची पिशवी ठेवा आणि कोन किती खाली जातो ते व्हर्नियरने मोजा. बरोबर असेल तो साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाईल.

आणि एक विचारतो : पुरानंतर या दोघांना एकसारखंच ठेवलं होतं का?

---

मी :

काका, डावा ३.४ मिमी गेला, उजवा १.६. तुम्ही म्हणालात तसंच, निम्मा.

तुमचा प्रश्न आईला विचारला. पूर ओसरल्यावर घर धुताना तिने एक वूफर त्याच दिवशी नळीच्या पाण्याने स्वच्छ धुऊन उन्हात ठेवला होता. दुसरा खोक्यासकट पडवीत राहिला, आठ-दहा दिवसांनी काढला, तोवर गाळ वाळला होता. मी नंतर तो फक्त ब्रशने झाडला. आता बॅटरी लावून पाहिलं तर उजव्याच्या स्पायडरच्या वळ्यांमध्ये मातीचा पिवळट थर भरलेला दिसतोय. वरून दिसत नाही, मागून दिसतो. मी सरराउंडच बघत बसलो होतो.

---

प्रतिसाद :

मग सापडलं. स्पायडर म्हणजे रेझिनमध्ये बुडवलेलं सुती कापड. वाशिष्ठीची बारीक माती विणीत बसली की पुठ्ठा होतो. कोमट पाणी, किंचित शाम्पू, मऊ टूथब्रश. वळीच्या दिशेने गोल फिरवा, घासून रेझिन काढू नका. पेट्रोल, थिनर, गंज सोडवायचं तेल काहीही लावू नका, रबर आणि डिंक दोन्ही जातील. कोन हवेत राहील असा टेकू देऊन सावलीत दोन दिवस वाळवा. पूर्ण पूर्वीसारखा होणार नाही. थोडं राहील तेवढ्यालाच वजन द्या.

---

प्रतिसाद :

वाचतोय, मस्त धागा. थोडं अवांतर : ही युक्ती जुनी आहे. आरसीए या अमेरिकी कंपनीच्या हॅरी ऑल्सनने १९३५ मध्ये याचं पेटंट घेतलं. पुढे रिचर्ड स्मॉलने १९७४ मध्ये याचं गणित व्यवस्थित मांडलं, वर धागाकर्त्यांनी वापरलंय ते त्याच घराण्यातलं.

एक शंका : रेडिएटरला पुरेसा हलायला वाव आहे का? त्याने वूफरच्या निदान दीडपट-दुप्पट हवा हलवायला हवी.

---

मी :

वूफर १३५ चौ. सेंमीचा, एका बाजूला ५ मिमी, म्हणजे सुमारे ६७ घन सेंमी. त्याच्या दुप्पट करायला रेडिएटरला सव्वासहा मिमी लागतात. मॅग्नेट काढल्यामुळे मागे आपटायला काही नाही, हाताने ८ मिमी दोन्हीकडे सहज जातो. ४० च्या खालचं मात्र अँपमध्येच फिल्टरने तोडणार आहे, तिथे वूफरला कुणी आवरत नाही.

---

मी (चार दिवसांनी) :

काका, काम झालं. तीन पाण्यांनी धुतला, पहिलं पाणी चहासारखं निघालं. दोन दिवस पंख्याखाली वाळवला. अर्ध्या किलोला आता २.७ मिमी जातो. खोक्यात बसवून मोजलं, दरी ४२ वर. ६ ग्रॅमचे वॉशर वाढवले, ४० वर आली. वाढीव वजन २४ लागणार होतं ते ६ वर भागलं. हिशेबाने उजव्याचा खड्डा आता २६ च्या जवळ आहे, डाव्याचा २४. एवढा फरक आमच्या खोलीत ऐकू येत नाही.

रात्री बाबांनी तबल्याची जुनी रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटून खोक्यांच्या मधोमध बसले. डग्गा मधोमध आला.

स्पायडर पावसाळ्यात पुन्हा ओलावा धरतो का, ते बघायचंय. दोन्ही रेडिएटर पुन्हा काढता येतील असे स्क्रूवरच ठेवलेत, खाली फोमची पट्टी आहे. सप्टेंबरात साखरेची पिशवी ठेवून परत मोजेन आणि आकडे इथेच टाकेन.