चूक कम्पायलरची नाही, पुस्तकाची
भाऊ, पुस्तकातला सीचा प्रोग्राम चालवताना तुमच्या उबुंटू लिनक्सवर 'कोनिओ डॉट एच' (conio.h) ही हेडर फाइल सापडत नाही म्हणून जीसीसी, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा कम्पायलर, पुन्हा डाउनलोड करून डेटा संपवू नका. पुस्तक टर्बो सी या जुन्या कम्पायलरच्या काळातलं आहे. ती फाइल डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कम्पायलरसोबत यायची. सीच्या स्टँडर्डमध्ये ती कधीच नव्हती. ती फाइल जोडणारी ओळ अन् तिच्यातली क्लिअरस्क्रीन (clrscr) अन् गेटसीएच (getch) ही फंक्शन्स काढा, 'व्हॉइड मेन'चं 'इंट मेन' करा. आमच्या आर्वीकडच्या गावात लाइन जायच्या आत कम्पायलर बसवायच्या नादात मी दोन रात्री घालवल्या, अन् खोट निघाली पुस्तकातल्या एका ओळीत! सी प्लस प्लसचा धडा असेल तर 'आयओस्ट्रीम'पुढचं डॉट एच उडवा अन् 'यूजिंग नेमस्पेस एसटीडी' लिहा. १९९८च्या स्टँडर्डमध्ये तसंच आहे. वर्गमूळवालं उदाहरण लिंक होताना अडलं, तर कम्पाइलच्या कमांडमध्ये 'उणे एलएम' (-lm, म्हणजे गणिताची लायब्ररी) जोडा. पण फाइलच्या नावानंतर बरं का, आधी नाही.